अक्काच्या फाटकाशी

तंजावूर,
२९ नोव्हेंबर १९९६

चि. संगीता,

मामाचे आशीर्वाद. मामीचे माझ्याहून चार जास्त, असं लिहिल्याशिवाय ती पाठीमागून हलायला तयार नाही, म्हणून तेही लिहिले.

मार्गळी महिना अजून लागायचा आहे, पण पहाटेचं धुकं आत्ताच येऊन बसलं आहे. सकाळी दूध आणायला जातो तेव्हा मोठ्या देवळाचं शिखर जागेवर नसतं. कॉफी पिऊन पुन्हा बाहेर यावं तर हळूहळू परत आलेलं असतं. साठीनंतर माणसाला असं काही बघायला मोकळा वेळ मिळतो. कचेरीत होतो तेव्हा शिखर होतं की नव्हतं, कोणाला ठाऊक!

काल दुपारी जेवून जरा लवंडलो आणि अक्का स्वप्नात आली. तुझी आई शेवटी होती तशी नव्हे, लग्नाआधीची, परकर-दावणी नेसलेली. आपल्या सवुक्कुच्या रानात एकेका झाडाला हात लावत चालली होती. मी म्हटलं, "अक्का, काय हुडकतेस?" ती म्हणाली, "थांब रे, मधे बोलू नकोस." एवढंच. जागा झालो तर मामी कानाशी ओरडत होती, कॉफी निवली म्हणून.

मग राहवेना. ओरत्तनाडूच्या बसमध्ये बसलो आणि रानात गेलो. सवुक्कुला तुमच्या पुण्यात सुरू म्हणतात, असं तूच मागे लिहिलं होतंस. काही म्हणा बापडे. आजूबाजूची रानं सगळी विकली गेली. लाल-पिवळ्या फडक्यांचे झेंडे लावून प्लॉट पाडले आहेत, आणि जिथे माणूस नाही तिथे 'नगर' म्हणून पाटी आहे. आपला तुकडा तेवढा राहिला. त्यात एक झाड बघून ठेवलं आहे. पुरुषभर उंच, चहूकडून सारखं, शेंडा सरळ.

यंदा अक्का नाही, तिच्यामागून पहिलाच नाताळ. पण आपल्या रानातलं झाड तिच्या फाटकाशी पोचलं नाही, असं तिच्या लग्नापासून एक वर्ष गेलेलं नाही. तेव्हा तू ये. तुझ्या लेकीला, प्रिसीला, आण, जावईबापूंना रजा मिळाली तर त्यांनाही आण. चोवीस तारखेला सकाळी झाड घेऊन मी फाटकाशी हजर.

फोन मात्र करू नकोस. त्या एसटीडी बूथमधला लाल आकडा पळायला लागला की मला काय बोलायचं तेच आठवत नाही.

तुझा,
गुरुमूर्ती मामा


पुणे,
४ डिसेंबर १९९६

मामा, नमस्कार.

पत्र पोचलं. मी स्पष्ट लिहिणार आहे. रागावू नका, आणि रागावलात तर रागवा.

यंदा झाड पाठवू नका. घराला कुलूप आहे. किल्ली शेजारच्या शेषम्मांकडे दिलेली आहे. घर मी विकायला काढलं होतं, आता व्यवहार ठरला. पोंगलनंतर सही झाली की घेणारे ते पाडतील आणि तिथे तीन मजले चढतील, खाली दुकानं. सहीचे अधिकार वकिलांना दिले आहेत, म्हणजे मला यावंच लागणार नाही. आणि खरं सांगू? मला यायचंही नाही.

का, ते तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारीत आई गेली त्या दिवशी तुम्ही फाटकाबाहेर उभे होता. भर उन्हात, मिटलेली छत्री हातात घेऊन. मी पुन्हापुन्हा दारात येऊन बघत होते. वाटत होतं, आता येतील. आज तरी येतील. तुमची सख्खी बहीण आत पडली होती मामा, आणि तुम्हाला चार पावलं चालवली नाहीत.

आजोबांचं मी समजू शकते. मुलीने ख्रिश्चन मास्तराशी लग्न केलं म्हणून त्यांनी तिला मेलेली मानलं. त्या काळात पुष्कळांनी तसं केलं असेल. पण मेलेल्या मुलीला दरवर्षी नाताळचं झाड कोण पाठवतं? लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच आजोबा असे असतात. झाड खांबाला टेकवतात, फाटकाची कडी दोनदा वाजवतात, आणि कोणी बाहेर यायच्या आत पाठ फिरवतात. आजोबा गेल्यावर तुम्ही तेच सुरू ठेवलंत. तशीच कडी, तशीच पाठ.

आणि तो डबा. आई दोन दिवस शेगडीपाशी बसून अच्चुमुरुक्कू तळायची, साच्यातले, फुलाच्या आकाराचे. त्यांचा डबा भरून ती त्याच खांबावर ठेवायची. झाड आलं की डबा गेलेला असायचा. परत एकही आला नाही. ते कोणी खाल्ले का कधी, मामा? की कोपऱ्यावर वळल्यावर गायीला घातले? एवढं एक मला खरं सांगा.

प्रिसीसाठी कॅम्पातून प्लास्टिकचं झाड घेणार आहे. खोक्यात घडी होऊन येतं, दरवर्षी तेच चालतं. तोडायला नको आणि कोणाच्या फाटकाशी ठेवायला नको.

मामींना नमस्कार.

संगीता


तंजावूर,
१० डिसेंबर १९९६

संगीता, पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मी मनात, एकदा मामीने मोठ्याने. फेब्रुवारीचा मजकूर आला तिथे तिने आवाज आणखी चढवला. मंगला तुझ्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिलं डब्याचं. गायीला घातले म्हणतेस? अय्यो! गायीच्या वाट्याला कुठले, ते माझ्याच वाट्याला धड यायचे नाहीत.

आप्पांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, सोवळं तू पाहिलं नाहीस. बाहेरचं पाणी घेत नसत. मद्रासला जावं लागलं तर केळी खाऊन राहत. पहिल्या वर्षी खांबावरचा डबा त्यांनी स्वतः उचलला, मी नाही. तसाच घरी आणला. मला वाटलं, आता हा विहिरीत जाणार. त्यांनी आंघोळ केली, ओल्या पंच्याने देवघरात गेले आणि डबा उघडून देवापुढे ठेवला. माझ्या आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अहो, हे देवाला चालतं का?" आप्पा म्हणाले, "चालत नसेल तर तो सांगेल." डोळे मिटून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "त्याने नाही म्हटलेलं नाही. आता हा प्रसाद झाला. प्रसादाला नाही म्हणणारा मी कोण?" आणि खाल्ले. एक नव्हे, चार खाल्ले! पुढे दरवर्षी हेच. नाताळ आला की देवाची परीक्षा, आणि देव दरवर्षी पास. आमच्या शास्त्रीबुवांना कळलं असतं तर आम्हाला पाणी द्यायलाही कोणी आलं नसतं.

डबे परत का आले नाहीत? रिकामं भांडं परत करू नये, हे अक्काने तुलाही शिकवलं असेल. भरून पाठवायचं तर मुलीच्या घरी शिधा पाठवल्यासारखं होतं, ते आप्पांच्या तोंडून निघेना. रिकामा पाठवायचा नाही, भरलेला पाठवता येत नाही. राहिले डबे इथेच. आज तुझ्या मामीचं सगळं स्वयंपाकघर अक्काच्या डब्यांत आहे. तुरीची डाळ, चिंच, सुक्या मिरच्या, सगळं.

झाडाचं कसं सुरू झालं तेही ऐक. लग्नानंतरचा पहिला डिसेंबर. तुझे वडील ज्ञानमणी मास्तर चर्चच्या कोपऱ्यावर सवुक्कुची फांदी विकत घेण्यासाठी घासाघीस करताना कोणाला तरी दिसले, आणि ते आप्पांच्या कानावर आलं. आप्पा ताटावरून उठले. "माझं रान असताना माझ्या मुलीने रस्त्यावरची फांदी विकत घ्यायची?" आई हळूच म्हणाली, "मुलगी मेली म्हणाला होता ना?" तर म्हणतात, "मुलगी मेली. रान मेलेलं नाही." आपले आप्पा, शहाजी राव, म्हणजे असा बाप!

आता माझं. आप्पा गेले त्याच्या आधल्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, "गुरू, झाड बंद करू नकोस. आणि फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस." मी म्हटलं, का? "मी इतकी वर्षं बाहेर उभा राहिलो. तू आत गेलास तर माझं उभं राहणं उगाच ठरेल." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मरणाऱ्या बापाला काय नाही म्हणणार?

सोपं नव्हतं गं. नाताळ सोडून एरवी अक्का आणि मी फाटकाच्या दोन बाजूंना कोपरं टेकून तासन्‌तास बोललो आहोत. तुझी दहावी, माझी बदली, मंगलाचं आजारपण, सगळं त्या फाटकावर. तिने एकदाही 'आत ये' म्हटलं नाही. मला पेचात टाकायचं नसेल तिला, असं मी धरून चाललो. फेब्रुवारीत त्या दिवशी पाय उचलला होता मी. उचललेला पुन्हा खाली ठेवला. तुम्ही तिला दफनभूमीत नेलंत तेव्हा मागोमाग आलो होतो. दफनभूमी म्हणजे घर नव्हे, अशी पळवाट काढून. मूठभर माती टाकली. तू खाली बघत होतीस, तुला दिसलो नसेन.

झाड तोडायची आपल्या घरची एक रीत आहे, ती अक्काने तुला सांगितली का, ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी आप्पा रानात जात. निवडलेल्या झाडाला कळशीभर पाणी घालत, हात जोडत आणि झाडाला सांगत. उद्या सकाळी तुला नेणार आहे, अमक्यासाठी नेतो आहे, तुझ्या अंगावर कोणी राहत असेल तर त्याला आजच दुसरीकडे जायला सांग. मग आम्ही थोडा वेळ थांबायचो. सवुक्कुच्या रानात वारा पडला तरी आवाज पडत नाही. लांब कुठे पाणी वाहतं आहे असं वाटत राहतं आणि पाणी तर कुठे नसतं. त्या आवाजात आप्पा म्हणायचे, "सुंदरीसाठी नेतो." घरात वर्षभर ते नाव काढायची बंदी. झाडाला मात्र सांगायचे. मी मागे कळशी धरून उभा असायचो आणि ऐकलं नाही असं दाखवायचो.

झाडाला खोटं सांगून तोडायचं नाही, हा नेम. तू नको म्हणतेस, अक्का नाही. मग यंदा मी रानात जाऊन कोणाचं नाव सांगू? तेवढं कळव.

प्लास्टिकचं झाड घे हवं तर. छत्रीसारखं उघडायचं, छत्रीसारखं मिटायचं. पावसात उपयोगी पडेल.

गुरुमूर्ती मामा


पुणे,
१६ डिसेंबर १९९६

मामा,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि तिथेच रडले. शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरल्या. "गावाकडून काही वाईट बातमी का हो?" म्हटलं, नाही, माझ्या आजोबांनी चार अच्चुमुरुक्कू खाल्ले. त्या अजून माझ्याकडे जपून बघतात.

आईला हे कळलंच नाही. ती म्हणायची, "टाकत असतील गं. पण डबा उचलतात तरी." त्या 'तरी'वर तिने सगळी वर्षं काढली. तुम्ही फाटकावर तासन्‌तास बोलत होता ना, मग हे एक वाक्य कसं नाही बोललात? असू दे. तिनेही विचारलं नसणार. दोघंही एकाच घरचे.

तुम्ही बाहेरचं सांगितलंत, आता मी आतलं सांगते.

कडी दोनदा वाजली की आई हातातलं टाकून उठायची. पण लगेच बाहेर जायची नाही. पाठ वळेपर्यंत थांबायची, त्यांना अवघड वाटायला नको म्हणून. मग झाड आत ओढून आणायची. जड असलं तरी एकटी ओढायची, डॅडींना हात लावू द्यायची नाही. पडवीत आणून बुंध्यावर तांब्याभर पाणी घालायची, पाय धुवायला देतात तसं. कुंकू लावायची. पाट मांडून त्यावर उभं करायची. आणि आम्हाला हाक मारायची, "आप्पा आले. नमस्कार करा."

आम्ही करायचो! डॅडी चर्चला जायच्या गडबडीत टाय बांधत विचारायचे, "सासरेबुवा कॉफी घेणार का?" आई खोटं खोटं रागवायची. मग पेटीतून काचेचे गोळे निघायचे, चमचमत्या माळा निघायच्या, टोकाला चांदणी. सजवताना ती झाडाशी तुमच्या त्या जुन्या मराठीत बोलत राहायची. भाव किती वाढले ते सांगायची, डॅडींची तक्रार करायची. "नात अभ्यास करत नाही, जरा समजवा तिला." मी झाडाकडे बघायचे आणि खरंच भीती वाटायची. घरभर तो हिरवा वास, रानाचा. सहा जानेवारीला झाड बाहेर काढायचं असतं. त्या दिवशी आई जेवायची नाही.

मामा, मला कितीतरी वर्षं वाटत होतं की नाताळ म्हणजे आजोबा आपल्याकडे राहायला येतात तो सण. येशूचा वाढदिवस असतो, हे त्यानंतर कळलं.

तुम्हाला आत का बोलावलं नाही, ते एकदा मी तिला विचारलं होतं. तिचं उत्तर वेगळं होतं. "बोलावलं आणि तो नाही म्हणाला, तर? त्यापेक्षा न बोलावलेलं बरं."

नाव विचारलंत. अक्काचंच सांगा. खोटं होणार नाही ते.

पण माझी एक अट आहे. शेषम्मांकडून किल्ली घ्या आणि झाड आत न्या. फाटकाशी टेकवून परत फिरायचं असेल तर तोडूच नका, उभं राहू दे ते रानात. आता कडी वाजली तर उठणारं आत कोणी नाही. आजोबांना दिलेला शब्द मोडा असं मी म्हणत नाही. तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न. पण ती बंद फाटकाशी पाठ फिरवण्याची रीत माझ्या आईबरोबर संपली. पुन्हा ती मला ऐकायचीही नाही.

मी येत नाही. ते बदललेलं नाही.

संगीता


अक्काच्या घरातून, तंजावूर,
२५ डिसेंबर १९९६

संगीता,

वरचं ठिकाण वाचलंस ना? आता सावकाश वाच.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचून मी मामीकडे दिलं आणि चप्पल घालून निघून गेलो, कुठे ते मलाही सांगता यायचं नाही. परत आलो तर ती म्हणाली, "सासरेबुवा पाटावर, आणि माझा नवरा रस्त्यावर. छान!" रविवारी रानात गेलो नाही. सोमवारी दुपारीही जाणार नव्हतो. ऊन उतरायला लागलं तसं बसवेना.

झाडाला पाणी घातलं. हात जोडले. झेंडे लावलेल्या प्लॉटांमागून चंद्र वर येत होता, पुनवेच्या आदल्या दिवसाचा, भलामोठा. रान आपलं तसंच वाजत होतं. मी म्हटलं, "सुंदरीसाठी नेतो." आयुष्यात पहिल्यांदा अक्काला नावाने हाक मारली, संगीता. थोरल्या बहिणीला कोण नावाने बोलावतं? पण झाडाला 'अक्का' म्हटलं तर त्याला काय कळणार, कोणाची अक्का. ते म्हणताना आवाज आप्पांसारखा निघाला. माझा मलाच ओळखू आला नाही.

काल सकाळी तोडलं. भाजीच्या टेम्पोवाल्याने आणलं. मामी माझ्याबरोबर आली, पिशवीत तिचं काय काय घेऊन. टेम्पोतून उतरताना म्हणाली, "तुम्ही बाहेर राहा हवं तर. मी आत जाऊन सजवते, तुम्ही फाटकातून बघा."

आणि मी काय केलं असेल? सवयीने झाड खांबाला टेकवलं. सवयीने कडी दोनदा वाजवली. सवयीने पाठ फिरवून चालायला लागलो! मामी गप्प. इतक्या वर्षांचा संसार आहे, ती गप्प राहिली की मला धडकी भरते. थोडा पुढे गेलो आणि थांबलो. आत कोणी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तूही बजावून लिहिलं होतंस, तरी कान मागे. फाटक करकरतं का, झाड ओढल्याचा आवाज येतो का. नाही आला. कितीतरी वेळ उभा राहिलो, नाहीच आला. इतकी वर्षं तो आवाज ऐकून मगच मी कोपरा वळत होतो, हे मला काल कळलं.

तेव्हा तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरलं. आप्पा आले, नमस्कार करा. अडे! म्हणजे आप्पा दरवर्षी आत जात होते! पाय धुवून, कुंकू लावून, पाटावर उभे राहून, सहा जानेवारीपर्यंत मुक्काम ठोकून लेकीचा पाहुणचार घेत होते. आणि माझ्याकडून शब्द कशाचा घेतला? त्यांचं बाहेर उभं राहणं उगाच ठरू नये याचा. ते बाहेर उभे नव्हतेच! मग फाटकाबाहेर राहिलं कोण? मी. सगळ्या घरात एकटा मी.

मला हसू फुटलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मामीला वाटलं, या वयात झाड उचलल्याने छातीत काही झालं. मी तिला म्हटलं, काही नाही, किल्ली आण.

झाड आत मीच ओढलं. शेषम्मा मधे आल्या, त्यांना म्हटलं, बाजूला व्हा बाई, याला आमच्या घरचंच माणूस लागतं. पाणी घातलं. कुंकू मामीच्या करंड्यातलं. पाट सापडेना तेव्हा शेषम्मांनी त्यांचा दिला. सजावटीची पेटी त्यांनी दाखवली, पण कसं सजवतात ते आम्हा दोघांना काय माहीत? मी नाताळचं झाड आयुष्यभर नुसतं तोडलं, सजलेलं कधी बघितलंच नाही. नवरात्रात पायऱ्यांवर कोलूच्या बाहुल्या मांडतात तसे मी गोळे ओळीने लावले, वर मोठे, खाली लहान. शेषम्मा म्हणाल्या, उलटं करा. मामी पिशवीतून मल्लीचा गजरा काढून बसली होती. तिने झाडाला खालपासून वरपर्यंत नवरीच्या वेणीसारखा तो गुंडाळला. एक गोळा माझ्या हातून फुटला. टोकाची चांदणी वाकडी बसली आहे, ती तशीच राहू दिली.

त्या दोघी गेल्या. मी थोडं थांबतो म्हणालो आणि आज सकाळी पुन्हा आलो. चर्चची घंटा वाजते आहे. आत झाडाचा वास तू लिहिलास तसाच आहे.

सगळं घर बघितलं. एवढंसं तर घर. आणि पोरी, मला काही ओळखता येईना. माझ्या बहिणीचं घर आहे आणि मी भाड्याने घर बघायला आलेल्या माणसासारखा हिंडतो आहे. कोणत्या खोलीत निजायची? मुरुक्कू तळायला कुठे बसायची? सुपारीचा डबा कुठे ठेवायची? तिचं बोलणं मला आठवायला गेलो तर फाटकापाशीच आठवतं, आत आठवत नाही. आत मी तिला कधी बघितलंच नाही. उशीर केला गं मी. आता हे तिला सांगायला गेलं तरी कुठे सांगायचं?

तू घर विक, पाड, तुझी मर्जी. मी त्यात बोलणार नाही, बोलायचा हक्कही नाही. एकच सांग मला. अक्का कुठे बसायची? दिवसाचं काम आटपलं की बाईमाणसाची बसायची एक ठरलेली जागा असते. ती कोणती? तेवढं लिही. तिथे घटकाभर बसेन, आणि मग कुलूप लावून किल्ली शेषम्मांना परत देईन.

हे पत्र नव्या कुरियरवाल्याकडे देतो आहे. दोन दिवसांत पुण्याला पोचवतो म्हणतो. बघू.

मामा


पुणे,
२८ डिसेंबर १९९६

मामा,

कुरियरवाला खरा निघाला, म्हणून हे पत्रही कुरियरनेच धाडते. पत्र काल संध्याकाळी आलं. प्रिसीला मोठ्याने वाचून दाखवलं. मामींनी झाडाला वेणी घातली तिथे ती हसून लोळली, आणि पुढचं मला वाचता येईना, तेव्हा तिच्या बाबांनी वाचलं.

कुलूप लावू नका. आम्ही येतोय. तिघंही. उद्या पुण्याहून निघून मद्रासला गाडी बदलू आणि एकतीसला सकाळी तंजावुरात असू. वकिलांना कळवलंय की सही मी स्वतः करणार, आणि करायची की नाही ते आल्यावर ठरवणार. झाड सहा तारखेपर्यंत काढायचं नसतं, त्याला पाणी घालत राहा. चांदणी वाकडीच असू दे. प्रिसीने तुमच्यासाठी त्या प्लास्टिकच्या झाडाचं चित्र काढलंय, ते घेऊन येते. हसू नका तिला.

आई कुठे बसायची, विचारलंत. पुढच्या खोलीत डाव्या हाताला एक खिडकी आहे, तिच्याखाली लाकडी पेटी. त्या पेटीवर. तिथे धड उजेड नाही की वारा नाही. डॅडी सारखे म्हणायचे, "अगं, इकडे पंख्याखाली बस, तिथे काय आहे?" तिचं निवडणं-टिपणं तिथे, वाचणं तिथे, दुपारची डुलकीसुद्धा तिथेच, भिंतीला डोकं टेकून. मलाही कळायचं नाही, मोठी झाले तेव्हा एकदा सहज तिच्या जागी बसले आणि कळलं. तिथून फाटक दिसतं.

तिथे बसा. आम्ही आलो की दिसू.

तुमची,
संगीता